खालच्या रांगेतला शेवटचा सेल

माझा दादा मुळातच कमी बोलणारा. पण वहिनी गेल्यापासून त्याच्या तोंडात "बरं" हा एकच शब्द उरला होता. जेवतोस? बरं. केस कापून ये, शोभत नाहीत. बरं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, बाहेरच्या खोलीला गडद हिरवा रंग काढू या. हिरवा रंग त्याला लहानपणापासून डोळ्यांसमोर नको असतो. तरीही बरं. मी खरंच रंगाचा डबा आणून त्याच्या दारात ठेवला, म्हटलं आता तरी ओरडेल. तो रोज डब्याला वळसा घालून कामाला जायचा आणि वळसा घालून परत यायचा.

मी त्याची धाकटी बहीण. माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि तोंड फटकळ आहे, दोन्ही आईकडून आलं. दादाकडे वडिलांचं आलं, म्हणजे मुलाम्याचा धंदा आणि मिटलेलं तोंड. वडील एका कारखान्यात बिजागऱ्या, कड्या, नळाच्या तोट्या यांच्यावर धातूचा मुलामा चढवायचे. शाळा संपल्यावर दादाही त्याच हौदाशी उभा राहिला. हौदात द्रावण, द्रावणात टांगलेला माल, वीज सोडली की पाण्यात विरघळलेला धातू येऊन मालावर बसतो. ऐकायला सोपं वाटतं. पण वीज थोडी जास्त झाली की बुडबुडे सुटतात, मुलामा भुसभुशीत होतो आणि सगळा माल वाया जातो. दादाने चकाकी दिलेल्या तोटीत तोंड बघून भांग पाडावा. त्याच्या बोटांची कातडी मात्र द्रावणांनी खाऊन टाकली होती, मऊ कापडाला त्याने हात लावला की मी खेकसायचे, धागे ओढले जातील म्हणून.

वहिनी आधी माझ्या दुकानात होती. अस्तर कापायची. पातळ अस्तराचे थर एकमेकांना चिकटतात, एक उचलायला जावं तर दोन येतात, आणि ते कळतं तेव्हा कोटाची एक बाही दुसरीपेक्षा जाड झालेली असते. वहिनी उचललेलं कापड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून एकदाच चोळायची. दोन असतील तर ते एकमेकांवर सरकतात. तिकडे बघायचीसुद्धा नाही, बघत माझ्याकडे असायची, कारण त्याच वेळी माझ्याशी भांडत असायची. तिच्या हातून दुहेरी अस्तर गेलेलं मला आठवत नाही. दादाला तिच्याशी लग्न कर असं मीच सुचवलं. त्यात माझा स्वार्थ होता, आमच्या मुक्या घरात मला भांडायला कुणीतरी हवं होतं.

मूल झालं नाही. लोकांनी विचारायचं तितकं विचारलं, या दोघांनी कुणाला दाद दिली नाही.

मुलाम्याचा कारखाना बंद पडला तेव्हा दादाला एका प्रयोगशाळेत काम मिळालं. तिथल्या मॅडम त्याच्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान, हुशार, आणि बोलताना रिकाम्या कपातून चहा पिणाऱ्या. चहा केव्हाच संपलेला असतो, तरी या आपल्या कप तोंडाला लावतात आणि पुढचं वाक्य बोलतात. त्या पाण्यावर चालणाऱ्या बॅटऱ्या बनवत होत्या. आपल्या फोनमधल्या बॅटरीत जो द्रव असतो तो पेट घेऊ शकतो. यांच्या बॅटरीत जस्ताचा क्षार विरघळवलेलं साधं पाणी, आणि एका बाजूला जस्ताचा पत्रा. पेटायचं नाव नाही. रुग्णालयात, शाळेत, जिन्याखाली कुठेही ठेवा. मग आतापर्यंत दुकानात का नाही आली, असं मी विचारलं, तर दादा म्हणाला, "काटे."

त्याला तेव्हा एकापेक्षा जास्त शब्द येत होते, म्हणून त्याने पुढे समजावून सांगितलं. "बॅटरी वापरली की पत्र्यावरचं जस्त पाण्यात उतरतं. चार्ज केली की परत येऊन पत्र्यावर बसतं. पण सारखं पसरून बसत नाही. जिथे जरासा उंचवटा असेल तिथेच सगळं धावतं. उंचवट्याचा काटा होतो. मध्ये ओला कागद असतो, काटा तो फोडून पलीकडच्या पत्र्याला टेकला की सेल मेला."

"म्हणजे बसच्या एकाच दाराला सगळे लोंबकळतात तसं," मी म्हटलं.

"तसंच. म्हणून बसला सगळीकडून दारं करायची."

ही दारं करण्याचं काम दादाचं. तांब्याच्या पत्र्यावर मुद्दाम जोरात वीज सोडायची, बुडबुडे उठवायचे आणि बुडबुड्यांच्या अवतीभवती तांबं बसू द्यायचं. बुडबुडे निघून जातात, त्यांची घरं तेवढी उरतात. त्या जाळीवर मग जस्ताचा पातळ थर. नुसत्या डोळ्यांना दिसतो एक काळपट, मळका पत्रा. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्पंज असतो, आणि स्पंजाच्या भिंतींनाही पुन्हा बारीक फांद्या फुटलेल्या असतात, केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतक्या बारीक. जस्ताला बसायला इतकी जागा मिळाली की ते एका ठिकाणी गर्दी करत नाही, असा मॅडमचा विचार होता. "जन्मभर बुडबुडे येऊ नयेत याचा पगार घेतला, आता येण्याचा घेतो," असं दादा म्हणाला होता. त्याच्या आयुष्यातला बहुधा हा एकमेव विनोद. वहिनी तो आल्यागेल्याला सांगायची.

सेल जोडायला स्थिर हाताचं माणूस हवं होतं. दादाने वहिनीचं नाव सुचवलं आणि माझी सगळ्यात चांगली कारागीर मॅडमनी पळवली. हा सेल म्हणजे कोटाच्या बटणाएवढी डबी. तळाशी दादाची जाळी, तिच्यावर पांढऱ्या लोकरीसारख्या कागदाचा गोल, त्यावर खारं पाणी, मग दुसरा पत्रा, स्प्रिंग, झाकण, आणि शेवटी दाबयंत्रात घालून कडा बंद. कागदाचे ते गोलही अस्तरासारखेच, एकमेकांना बिलगून बसणारे. वहिनी पातळ हातमोज्यातूनच ते चिमटीत चोळायची. मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, "काकू, एकच घेतला हे बघून घेत नाही तुम्ही?" वहिनी म्हणाली, "बघायला लागलं तर ते काम मला येत नाही असं समजा."

आता एक घरातली गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या दोघांचं भांडण झालं की अबोला असायचा. ओरडाआरडा नाही, आदळआपट नाही, दोन माणसं एका घरात पाहुण्यासारखी वावरायची. आणि तोच अबोला घेऊन सकाळी एका टेबलाशी कामाला बसायची. मग केव्हातरी दादा जाळी तिच्या हातात द्यायचा आणि देता देता तिच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं शेवटचं पेर दाबायचा. तिने उलट दाबलं की अबोला सुटला. नाही दाबलं तर राग अजून शिल्लक आहे, संध्याकाळी पुन्हा बघायचं. माफी नाही, समजूत नाही, सगळा कारभार हातमोज्यातून. मी दोघांना मुकी बाहुली म्हणायचे.

मग वहिनी आजारी पडली. आजाराचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, मीही घेणार नाही. सलाइनमधून औषधं सुरू झाली. केस गेले, तिने रुमाल बांधला आणि दोन सलाइनच्या मधल्या दिवसांत टेबलाशी जाऊन बसायला लागली. घरी बसले तर मी खरंच आजारी पडेन, म्हणायची. चालताना स्वतःच्या पावलांकडे बघत चालायची. कप दोन्ही हातांनी धरायची. ब्लाउजच्या हुकांशी झटत बसायची, मी लावायला गेले की हात झटकायची. दादाने बोट दाबलं की आधी हाताकडे बघायची आणि मग दाबायची. मी म्हटलं, "बघतेस काय, कुणी पळवत नाहीये हात." ती हसली. डॉक्टर हातापायांचं विचारायचे, ती ठीक आहे म्हणायची. सगळ्यालाच ठीक आहे म्हणायची. मला तो अशक्तपणा वाटत होता आणि मी तिला पेलाभर दूध पाजून माझं कर्तव्य झालं असं समजत होते.

एक दिवस टेबलाशी बसल्या बसल्या तिला घेरी आली. हातातला सेल तिने तरीही पुरा केला, दाबयंत्रात घालून बंद केला, आणि मग डोकं टेकलं. दादाने तो सेल चाचणीच्या कपाटात, खालच्या रांगेत शेवटच्या जागी लावला. त्यानंतर तिला न विचारता, तिच्या मागे, तो मॅडमकडे गेला आणि म्हणाला, उद्यापासून तिला येऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा तिचं स्टूल तिथे नव्हतं. संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते म्हणून ऐकलं. ती दादाला म्हणाली, "हात माझे आहेत. कधी थांबायचं ते मी सांगणार होते. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही."

दादा गप्प. त्यावर तीही गप्प. हा त्यांचा शेवटचा अबोला.

आठवड्याच्या आत तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. उजेड सोसवत नाही म्हणून तिने डोळ्यांवर ओल्या रुमालाची घडी ठेवून घेतली होती. मी दिवसभर थांबायचे, संध्याकाळी दादा यायचा. त्या संध्याकाळी मी औषधं आणायला खाली गेले होते. दादा येऊन तिच्याशेजारी बसला आणि त्याने तिच्या बोटाचं पेर दाबलं. तिने दाबलं नाही. थोडं थांबून पुन्हा दाबलं. नाही. त्यानंतर तिने नर्सकडे पाणी मागितलं, दोन घोट घेतले, म्हणजे जागी होती. मग तिला ग्लानी आली, ती उतरलीच नाही. दादा बसून राहिला. पहाटे ती गेली.

हे त्याने मला सगळं आटोपून परत येताना रस्त्यात सांगितलं. "तिने दाबलं नाही," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, झोपेत असेल. तर म्हणाला, नंतर पाणी मागितलं तिने. मी म्हटलं, अरे औषधांनी माणूस भ्रमिष्ट होतं. तर म्हणाला, पाणी व्यवस्थित मागितलं. "राग ठेवून गेली ती," म्हणाला, आणि त्यानंतर त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. मी दहा तऱ्हांनी समजावून पाहिलं. वहिनी तशी नव्हती, एवढंच मी म्हणू शकत होते, आणि ती काय होती हे माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत होतं.

तो रडला नाही. कामावर एक दिवसही चुकला नाही. तिची चप्पल दाराशी होती ती मी उचलली, त्याला कळलं की नाही कोण जाणे. जेवायला बसायचा, ताटातलं संपवायचा, काय खाल्लंस असं विचारलं तर आठवून सांगावं लागायचं. लोक म्हणाले, किती धीराने घेतलं. मला त्या लोकांना हाकलून द्यावंसं वाटायचं. धीर कसला, माणूस बधिर झाला होता. मांडीखाली पाय दुमडून बसल्यावर तो आपला राहतच नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो. दादा आख्खा तसा झाला होता.

एक गोष्ट मात्र त्याची त्यालाच करावीशी वाटायची. सकाळी प्रयोगशाळेत गेल्यावर कोट चढवण्याआधी तो चाचणीच्या कपाटापाशी जायचा. तिथे सेल चिमट्यांत लावलेले असतात, यंत्र त्यांना चार्ज करतं, रिकामं करतं, पुन्हा चार्ज करतं, प्रत्येकापुढे एक बारीक दिवा. सेल मेला की दिवा लाल. एकेक करून दादाच्या जाळ्यांचे सगळे दिवे लाल होत गेले. काही लवकर, काही उशिरा. नवे आले, तेही गेले. खालच्या रांगेतला शेवटचा, वहिनीने जोडलेला, वर्ष उलटलं तरी चालू होता. हे मला मॅडमनी सांगितलं, दादाने नव्हे. रोज तो तिथे उभा राहतो, म्हणाल्या, आणि मग कामाला लागतो.

मॅडमचा जीव वेगळ्याच कारणाने त्या सेलवर टांगलेला होता. तीच जाळी, तेच पाणी, तोच कागद, मग हाच एवढा का टिकला? त्या सेलमधून वीज इतरांपेक्षा किंचित सुस्त वाहत होती, पण तो जाळीचाच गुण असेल असं त्यांनी धरलं होतं. उत्तर आत होतं. आणि सेल आपोआप मरेपर्यंत थांबलं तर काटे, गंज, सगळा चिखल होऊन काहीच कळणार नव्हतं. जिवंत असतानाच उघडायला हवा होता. उघडला की तो संपला.

त्यांनी दादाला बसवून नीट विचारलं. "काका, तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. दुसरा बनवू आपण."

"बरं," दादा म्हणाला.

"बरं म्हणजे उघडू की नको?"

"उघडा."

हे मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी दुकान तसंच टाकून प्रयोगशाळेत गेले. दादा हौदावर वाकला होता. मी म्हटलं, "तिची एवढी एक गोष्ट चालू आहे. ती पण बंद करतोस? नको म्हण ना. एकदा तरी नको म्हण."

दादाने हातमोजे काढले. "ते काम आहे," म्हणाला.

"काम गेलं खड्ड्यात. तुला काय वाटतं ते सांग."

तो विचार करत राहिला. खरंच विचार करत होता, टाळत नव्हता. "काही वाटत नाही," म्हणाला. मग जरा वेळाने, "तिनेही मला तोडून टाकलं, आता तो चालला काय नि थांबला काय."

मॅडम दारात कप घेऊन उभ्या होत्या, त्या कप तोंडाला लावायला विसरल्या. मी म्हटलं, उघडणार असाल तर माझ्यासमोर उघडा. कुणी नाही म्हणालं नाही.

दादाने सेल चिमट्यातून सोडवला. दिवा विझला. लाल झाला नाही, नुसता विझला. मी वहिनीच्या स्टुलावर बसले होते, ते त्यांनी परत आणून ठेवलं होतं. मॅडमनी पकडीने डबीची कड थोडी थोडी करून उचलली, शिवण उसवावी तशी. झाकण निघालं, स्प्रिंग निघाली, वरचा पत्रा निघाला. खाली ओला कागद. मॅडमनी तो चिमट्याने उचलला आणि जाळीवर भिंग धरण्यासाठी वाकल्या. वाकल्या तशाच थांबल्या.

"अजून एक आहे," म्हणाल्या.

जाळीवर दुसरा कागद चिकटलेला होता. दोन कागद, एकावर एक, अगदी नेमके, जणू एकच. मॅडमनी तोही सोडवला आणि दोन्ही काचेवर शेजारी शेजारी पसरले. खालच्या कागदावर राखाडी ठिपके होते, आरपार. वरच्याला नुसते ओरखडे. जाळीतून काटे उठले होते. कमी होते, बुटके होते, पण उठले होते, आणि पहिला कागद फोडून दुसऱ्यापाशी अडकले होते.

मॅडम खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "काका, जाळी चांगली आहे. पण आपल्याला वाटली होती तेवढी नाही. हा टिकला तो दुसऱ्या कागदामुळे." आणि मग, "काकूंच्या हातून असं कधी झालं नव्हतं."

"होणारच नाही," मी म्हटलं. "तिच्या हातून दुहेरी जात नाही. कुणीतरी दुसऱ्याने जोडला असेल."

"माझ्यासमोर जोडला तिने," दादा म्हणाला.

"मग कागद खराब असतील. ओले असतील, चिकटलेले असतील."

दादाने कागदांच्या डब्यातून दोन कोरे कागद घेतले, एकावर एक ठेवले आणि चिमटीत धरून चोळले. पुन्हा चोळले. मग ठेवून दिले, हात धुतले, कोट खुंटीला लावला आणि बाहेर पडला. कामाच्या वेळात तो असा कधी उठून गेला नव्हता. मी मागोमाग निघाले.

घराकडे वळायचं तर तो माझ्या दुकानाकडे वळला. शिवणाऱ्या मुली जेवायला गेल्या होत्या, दुकान मोकळं होतं. तो कापायच्या टेबलाशी उभा राहिला, जिथे वहिनी उभी राहायची.

"अस्तर दे," म्हणाला. "सगळ्यात पातळ असेल ते."

मी ठाण पुढे केलं. एरवी त्याच्या बोटांना मी अस्तराजवळ फिरकू देत नाही.

"मी डोळे मिटतो. कधी एक दे, कधी दोन. सांगू नकोस."

मला त्याचा अर्थ लागत नव्हता, पण दिलं. तो चोळायचा आणि सांगायचा. एक. दोन. दोन. एक. दोन. एकदाही चुकला नाही. धागे निघत होते, मी काही बोलले नाही.

त्याने डोळे उघडले आणि स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली. "ही बघ," म्हणाला. "इतकी वर्षं द्रावणात गेली. कातडी नाही राहिली यांना. तरी मला दोन कळतात."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सगळं येऊन उभं राहिलं. दोन हातांनी धरलेला कप. ब्लाउजचे हुक. पावलांकडे बघत चालणं. आणि दादाने बोट दाबलं की आधी बघणं, मग दाबणं. औषधांनी तिची बोटं केव्हाच मारून टाकली होती. हे कुणाला कळलं तर टेबलावरून उठवतील म्हणून तिने डॉक्टरलाही पत्ता लागू दिला नव्हता. घरात दोन माणसं तिच्याशी रोज हातांनी व्यवहार करणारी, एक कापडातलं, एक मुलाम्यातलं. दोघांनाही कळलं नाही.

"तिच्या बोटांना दोन कागद कळले नाहीत," दादा म्हणाला. "माझा हात कुठून कळणार?"

"दादा," मी म्हटलं. "म्हणजे राग नव्हता रे."

"डोळ्यांवर रुमाल होता," तो म्हणाला. माझं त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. "बघता येत नव्हतं तिला. मी आत आलो, बसलो, दाबलं, पुन्हा दाबलं. मी तिचा राग मोजत बसलो होतो. आणि तिला..." तो थांबला. "मी आलोय हेच तिला माहीत नव्हतं गं. मी नुसतं बोललो असतो. नुसतं म्हटलं असतं, मी आहे इथे. पाणी तिने माझ्याकडे मागितलं असतं."

आणि तो रडायला लागला. टेबलावर दोन्ही हात टेकून, अस्तराच्या ढिगावर वाकून, मोठ्या माणसाने कधी रडू नये असं रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुमडलेला पाय जागा व्हायला लागला की मुंग्या येतात, कुणाचा धक्का सोसवत नाही, टेकवतही नाही. मी नुसती उभी राहिले. दुकानात माझं तोंड बंद राहण्याची ती पहिलीच वेळ असेल.

मुली परत आल्या, दारातच थबकल्या. मी त्यांना हातानेच परत पाठवलं.

संध्याकाळी मी त्याला घरी पोचवायला गेले. त्याने कुलूप काढलं, दार ढकललं आणि सवयीने डब्याला वळसा घातला. मग आत जाऊन तसाच मागे वळला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"हा डबा परत कर," म्हणाला. "मला हिरवा नको."

मी डबा उचलला. आतल्या रिकाम्या खोलीत पाऊल टाकताना त्याने दिवा लावायच्या आधी, कुणाला उद्देशून ते मला विचारायची गरज नव्हती, मोठ्याने म्हटलं, "मी आलोय."